टसरच्या भंडारा आणि डाबा इकोरेसमधला फरक जंपिंग जीनमुळे असू शकतो का?

रानकोष

नमस्कार मंडळी. मी नागपूरला एमएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टसाठी टसर घेतलंय, म्हणजे अँथेरिया मायलिटा हा रेशीम पतंग. तुम्हाला माहितीच असेल, टसरच्या बऱ्याच इकोरेस, म्हणजे प्रदेशाप्रमाणे वेगळे पडलेले वाण, आहेत, झारखंडकडची डाबा, ओडिशातल्या सुकिंदा आणि मोडाल, बस्तरची रैली, आणि आपल्या विदर्भातली भंडारा. कोषाचा आकार, रंग, वर्षात किती पिढ्या होतात हे सगळं वेगवेगळं.

तर मी वाचत होते की तुतीच्या रानटी रेशीम पतंगात, म्हणजे बॉम्बिक्स मँडारिनात, जपानचे आणि चीनचे पतंग घेतले तर त्यांच्यातले ट्रान्सपोझेबल एलिमेंट, म्हणजे जीनोममध्ये जागा बदलणारे डीएनएचे तुकडे (जंपिंग जीन), मरिनर वगैरे, सारखे नसतात, कुठे पूर्ण असतात कुठे तुटके कुठे नसतातच. मग डोक्यात आलं की भंडारा आणि डाबा वेगळ्या दिसतात त्याचं कारण हेच असेल का? सर म्हणतात पीसीआर लावून, म्हणजे डीएनएच्या त्या तुकड्याच्या भरपूर कॉप्या काढून बघ, बँड आला की एलिमेंट आहे, नाही आला की नाही, झालं प्रोजेक्ट. मैत्रीण म्हणते होल जीनोम, म्हणजे सगळाच डीएनए वाचल्याशिवाय काही खरं नाही, आणि तेवढं बजेट आमच्या डिपार्टमेंटला या जन्मात मिळणार नाही. आणि दुसरं म्हणजे मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले परत परत येणारे छोटे रिपीट) असताना हे का करायचं हे पण मला व्हायवात नीट सांगता आलं पाहिजे. कोणी यात काम केलंय का?

जीनवाला_पुणे

तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक अडकलेत, ते आधी सोडव नाहीतर व्हायवात तिथेच पकडतील.

पहिला प्रश्न, दोन ठिकाणचे पतंग एकमेकांपासून किती लांबचे आहेत हे या एलिमेंटवरून कळेल का. उत्तर हो, चांगलं कळतं. दुसरा प्रश्न, त्यांच्यातला दिसणारा फरक या एलिमेंटमुळे झालाय का. हे पहिल्यावरून अजिबात सिद्ध होत नाही. दोन गावची माणसं वेगळी आहेत हे आडनावांवरून कळेल, पण आडनावामुळे कोणी उंच होत नाही ना.

आता मायक्रोसॅटेलाइट का नको. नको असं नाही, पण त्यात रिपीटची संख्या कमी होते, वाढते, परत कमी होते, त्यामुळे दोन ठिकाणी सारखी लांबी दिसली तरी ती एकाच पूर्वजाकडून आली की योगायोगाने सारखी झाली हे ठरवता येत नाही. एलिमेंटचं तसं नाही. शेकडो दशलक्ष बेसच्या जीनोममध्ये बरोबर त्याच बेसवर तोच तुकडा दोनदा स्वतंत्रपणे घुसेल ही शक्यता फारच कमी, म्हणून दोन पतंगांत तो एकाच जागी सापडला तर पूर्वज एकच. शिवाय मूळ अवस्था कुठली हे आपल्याला आधीच माहीत असतं, जागा रिकामी असणं ही जुनी अवस्था, भरलेली ही नवीन. मायक्रोसॅटेलाइटमध्ये हा फायदा नाही.

पण एक पथ्य पाळ. मरिनर हा कट-पेस्ट प्रकारचा आहे, साधारण १३०० बेसचा, टीए दिसलं की तिथे घुसतो आणि घुसताना ते टीए डबल करतो. कट-पेस्ट आहे म्हणजे तो निघूनही जाऊ शकतो आणि जाताना दोनचार बेसची खूण मागे ठेवतो, म्हणजे 'रिकामी जागा' ही खरोखर कधीच न भरलेली आहे की भरून रिकामी झालेली आहे हे सिक्वेन्स वाचून बघावं लागतं. त्यापेक्षा कॉपी-पेस्टवाले, लाइन आणि साइन प्रकारचे, मार्कर म्हणून जास्त भरवशाचे, ते एकदा बसले की सहसा बसले. रेशीम किड्यात बीएम१ नावाचं साइन आहे, तुतीच्या किड्याच्या जीनोममध्ये त्याच्या ढीगभर कॉप्या आहेत. त्या जीनोमचा ४० टक्क्यांहून जास्त भाग या असल्याच उपऱ्यांचा आहे, त्यामुळे मालाची टंचाई नाही.

पतंगबाज७७

एवढं काय अवघड आहे, इंग्लंडच्या पेपर्ड मॉथमध्ये झालंच की सिद्ध, जंपिंग जीन घुसला आणि पांढरा पतंग काळा झाला. टसरमध्ये पण तेच असणार.

जीनवाला_पुणे

@पतंगबाज७७ 'तेच असणार' हे तू कशावरून म्हणतोस? पेपर्ड मॉथचा काळा प्रकार १८४८ साली मँचेस्टरला नोंदला गेला आणि त्यामागे कॉर्टेक्स नावाच्या जीनमध्ये घुसलेला जवळपास २२ हजार बेसचा तुकडा आहे हे कळायला २०१६ उजाडलं. मधल्या काळात लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या क्रॉस केले, काळा रंग एकाच डॉमिनंट जीनने ठरतो हे आधी पक्कं केलं, मग तो भाग गुणसूत्रावर अरुंद करत करत तिथपर्यंत पोचले. टसरच्या कोषाचा आकार किंवा वर्षात किती पिढ्या हे असं एका जीनवर चालणारं प्रकरण वाटत नाही, आणि त्यात हवामान आणि झाड यांचा हात मोठा.

रेशीम किड्यातलंच उदाहरण पाहिजे तर ईओ जीनचं घे, एक्डायसोन ऑक्सिडेझ. २०१४ मध्ये चिनी ग्रुपने दाखवलं की पाळीव किड्यात या जीनच्या रेग्युलेटरी भागात, म्हणजे जीन किती चालेल ते ठरवणाऱ्या भागात, तागुची नावाचा एलिमेंटचा तुकडा बसलाय, रानटीत तो नाही. आता बघ, एवढ्यावर ते थांबले नाहीत. पाळीव जातींमध्ये तो किती टक्के आहे ते पाहिलं, आजूबाजूच्या डीएनएवर निवडीच्या खुणा शोधल्या, तो तुकडा एनहान्सर म्हणून, म्हणजे जीनचं काम वाढवणारा म्हणून, काम करतो का ते तपासलं, उपासमारीत ठेवलेल्या अळ्यांमध्ये काय होतं ते पाहिलं. एक्डायसोनची, म्हणजे कात टाकायच्या हार्मोनची, पातळी सावरली जाते आणि अळ्या एकसारख्या वाढत राहतात असं त्यांचं म्हणणं. पाळणाऱ्याला तेच हवं असतं, सगळ्या अळ्या एकदम कोषावर गेल्या पाहिजेत. एवढं केल्यावर 'मुळे' हा शब्द वापरायचा हक्क मिळतो.

झाडीपट्टी

आमच्या घरी कोसा, म्हणजे टसरच, करते. भंडारा जिल्ह्यात. मी बीएस्सी शिकलो पण लॅबचं मला जास्त कळत नाही, एक गोष्ट सांगतो ताई ती लक्षात ठेवा.

तुम्ही भंडाऱ्यातून जो पतंग आणाल तो भंडारा जातीचा राहीनच असं नाही. ऐनाच्या नाहीतर अर्जुनाच्या झाडावर ज्या अळ्या सोडते लोक, त्याचे अंडीपुंज कुठून आले ते आधी विचारा. बरेचदा ते डाबाचे राहते, कारण डाबाचे पुंज वेळेवर मिळते, वर्षातून दोन पिकं निघते आणि कोष भरघोस. आमच्याकडे आजोबाच्या वेळेस रानातूनच कोसे गोळा करून आणत, त्याचेच पतंग काढून अंडी घेत. आता तसे घरं कमी राहिले. वरून डाबाची मादी रात्री बाहेर टांगली तर रानातला नर येऊन बसते तिच्यावर, त्याला काय माहीत ही झारखंडची आहे म्हणून. मग ती अंडी डाबाची म्हणा का भंडाऱ्याची म्हणा?

म्हणून खरा भंडारा पाहिजे असंल तर पाळणाऱ्याच्या झाडावरून नका घेऊ, जंगलात उन्हाळ्यात पानं झडल्यावर ऐनावर कोसे लटकलेले दिसते, देठ फांदीला कड्यावानी पक्का आवळलेला राहते, ते घ्या. आत प्युपा झोपलेलाच राहते पाऊस येईपर्यंत. फॉरेस्टची परवानगी आधी घ्या मात्र. आणि ढिवर लोकांना सोबत घ्या, आमच्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांचंच, कोणत्या पट्ट्यात रानकोसा उरला ते त्यांना ठावं राहते.

रानकोष

@झाडीपट्टी बाप रे, हे तर कुठल्याच पेपरमध्ये वाचलं नव्हतं. मी तर थेट बीजकोष केंद्रातून नग घेणार होते. खूप धन्यवाद दादा.

कुवाको_त्सुकुबा

मी सध्या जपानमध्ये असतो, रेशमावरच काम आहे, त्यामुळे मूळ जिथून तुम्ही वाचलं ती बाजू थोडी सांगतो, लांबेल, चहा घेऊन बसा.

इथे बॉम्बिक्स मँडारिनाला कुवाको म्हणतात. तुतीच्या झाडावर सहज सापडतो, अळी फांदीसारखी दिसते, चटकन डोळ्याला लागत नाही. आपल्या पाळीव बॉम्बिक्स मोरीचा हा रानटी भाऊबंद, पण भाऊबंद कुठला तर चीनचा, जपानचा नाही, आणि हे पहिल्यांदा मोजणीतूनच लक्षात येतं. पाळीव किड्यात गुणसूत्रांच्या २८ जोड्या, चीनच्या रानटी मँडारिनातही २८, आणि जपानच्यात २७. दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेलीत. पुढे मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून पण तेच निघालं, आणि सांगायला बरं वाटतं की त्यातला एक चांगला पेपर आपल्या हैदराबादच्या सीडीएफडी या डीएनए संशोधन संस्थेचा आहे, २००६ चा, नागराजू सरांच्या ग्रुपचा. चीन आणि जपानचे रानटी एकमेकांपासून वेगळे झाले ते माणसाने रेशीम पाळायच्या कितीतरी आधी, माणसाने पाळायला लागून साधारण पाच हजार वर्षं झाली असं धरतात आणि यांची फारकत त्याहून फार जुनी.

आता गंमत अशी की एवढं असूनही जपानी कुवाको आणि पाळीव किडा यांचा क्रॉस होतो आणि पिल्लावळ पुढे वाढते. पाळीव पतंगाला उडता येत नाही पण मादी जो वास सोडते तो दोघांचा एकच, बॉम्बिकॉल, त्यामुळे रानटी नर येऊ शकतो (वर झाडीपट्टी दादांनी टसरबद्दल जे सांगितलं तेच). हे इथे नुसतं अभ्यासाचं नाही. २०१७ मध्ये गुनमा प्रांतातल्या शेतकऱ्यांना हिरवं चमकणारं रेशीम देणारे जीएम किडे पाळायची परवानगी मिळाली तेव्हा बाहेरच्या कुवाकोशी संकर होईल का हा प्रश्न तपासावाच लागला. आणि रेशीम किड्यात बाहेरचा जीन घालायची पद्धत बसली ती २००० साली, पिगीबॅक वापरून, म्हणजे कोबीवरच्या लूपर अळीत सापडलेला एक जंपिंग जीनच. ज्याचा अभ्यास करायचा त्याचंच हत्यार करून ठेवलंय लोकांनी.

मरिनरकडे येतो. मरिनर पहिल्यांदा मॉरिशसच्या ड्रोसोफिला माशीत सापडला, आणि मग १९९१ मध्ये अमेरिकेच्या सेक्रोपिया पतंगात त्याचा नातेवाईक सापडला. त्याच सेक्रोपिया प्रकारचे मरिनर बॉम्बिक्समध्येही आहेत. यातले बहुतेक मेलेले आहेत, म्हणजे उडी मारायला लागणारं ट्रान्सपोझेझ बनवणारा कोड मध्येच तुटलेला, स्टॉप कोडॉन आलेले, कुठे मधलाच भाग गळालेला. पण मेलेला असला तरी तो जिथे पडलाय तिथेच पडून राहतो आणि म्हणूनच भूगोलासाठी कामाचा. वेगवेगळ्या ठिकाणचे पतंग घेऊन तीच जागा वाचली की एकात पूर्ण कॉपी, दुसऱ्यात अर्धी, तिसऱ्यात काहीच नाही, असं चित्र मिळतं, आणि अर्धी कॉपी कुठल्या पूर्ण कॉपीतून झाली हा क्रमही लावता येतो. हो-नाही पेक्षा ही तुटण्याची तऱ्हा जास्त बोलकी असते असं माझं मत. म्हणून फक्त बँड बघून थांबू नका, बँड कापून सिक्वेन्स करा, चार-पाच का होईना.

एक धोका मात्र लोक विसरतात. फरक जागेमुळेच असतो असं नाही, काळामुळेही असतो. ड्रोसोफिलाचा पी एलिमेंट आठवा, दुसऱ्या एका जातीतून आला आणि विसाव्या शतकाच्या मध्यात काही दशकांत जगभरच्या ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर माश्यांमध्ये पसरला. त्याआधी पकडून लॅबमध्ये ठेवलेल्या माश्यांमध्ये तो नाहीच. आता कोणी जुनी लॅबची माशी आणि आजची रानातली माशी घेऊन 'भौगोलिक फरक' म्हटलं तर काय होईल? तुमच्याकडे डाबा केंद्रात पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली आणि भंडारा रानातून आणलेली अशी तुलना झाली तर निम्मा फरक पाळण्याचा निघेल. शक्य असेल तर झारखंडचे रानातले पण काही नमुने मिळवा.

रानकोष

@कुवाको_त्सुकुबा वाचता वाचता चहा खरंच गार झाला. एक शंका. जपान-चीनच्या बाबतीत जीनोम हातात होता, माझ्याकडे मायलिटाचं तसं काही नाही. मग कुठल्या जागी एलिमेंट बसलाय हे मला आधी कळणार कसं? पीसीआरची सुरुवात जिथून होते ते प्रायमर कशावर बनवू?

जीनवाला_पुणे

बरोबर ठिकाणी आलीस. सरांच्या पद्धतीत हीच भानगड आहे. एलिमेंटच्या आतले दोन प्रायमर लावलेस तर प्रत्येक पतंगात बँड येणार कारण जीनोममध्ये कुठे ना कुठे कॉपी असतेच, त्याने काहीच कळत नाही. बाजूच्या डीएनएवरचे प्रायमर पाहिजेत. यामामाईचा जीनोम २०१८ ला आला, पण तो जपानी ओक पतंग, अँथेरिया असला तरी वेगळी जात. त्यातून तुला एलिमेंटचा सिक्वेन्स मिळेल, मायलिटात तो नेमका कुठे बसलाय हे मिळणार नाही.

म्हणून ट्रान्सपोझॉन (म्हणजे हेच एलिमेंट) डिस्प्ले कर. डीएनए एन्झाइमने काप, तुकड्यांच्या टोकाला अडॅप्टर चिकटव, आणि एक प्रायमर एलिमेंटच्या टोकाचा बाहेर तोंड केलेला, दुसरा अडॅप्टरचा. जेवढ्या जागी एलिमेंट तेवढे बँड, वेगवेगळ्या लांबीचे. जीनोम माहीत नसतानाही चालतं आणि खर्च एमएस्सीच्या आवाक्यातला. तोटा एवढाच की बँड दिसला तर तो एका गुणसूत्रावर आहे की दोन्हीवर हे कळत नाही. म्हणून जे बँड एका इकोरेसमध्येच येतात ते कापून सिक्वेन्स कर. त्याने बाजू एकच कळेल, तिच्यावर प्रायमर बनवून एलिमेंट नसलेल्या पतंगांच्या डीएनएत पुढे वाचत जा आणि पलीकडची बाजू काढ. मग दोन्ही बाजूंचे प्रायमर लावले की रिकामी जागा म्हणजे छोटा बँड, भरलेली म्हणजे मोठा, दोन्ही असतील तर हेटेरोझायगस, म्हणजे एका गुणसूत्रावर भरलेली आणि दुसऱ्यावर रिकामी. इथे एक खोड आहे, पीसीआर छोट्या तुकड्याचे लाड करतो आणि मोठा बँड कधीकधी दिसतच नाही, मग हेटेरोझायगस पतंग रिकामा म्हणून मोजला जातो. त्यावर उपाय, तिसरा प्रायमर एलिमेंटच्या आतला घालायचा.

एरीवाली

मी आसामला असताना एरी रेशमावर थोडं काम केलंय म्हणून नर-मादीचा मुद्दा टाकते. पतंगांत मादी झेडडब्ल्यू आणि नर झेडझेड. तुतीच्या किड्यात डब्ल्यू गुणसूत्र जवळजवळ पूर्ण ट्रान्सपोझॉनच्याच ढिगाऱ्याचं बनलंय, आणि त्यातूनच निघणारा पायआरएनए नावाचा एक छोटा आरएनए मादी ठरवतो, हे २०१४ ला कळलं. तर तुझ्या भंडाऱ्यात माद्या जास्त आणि डाबात नर जास्त आले तर डिस्प्लेमध्ये जो फरक दिसेल तो प्रदेशाचा नसून नर-मादीचा असेल. सगळे नरच घे.

आणि रानटी रेशीम पतंगांत प्रदेशाप्रमाणे गुणसूत्रं किती बदलतात याचं सगळ्यात भारी उदाहरण सामिया आहे, एरीच्या घराण्यातलं. पाळीव एरीच्या मादीला डब्ल्यू नाहीच, एकच झेड, म्हणून मादीत २७ आणि नरात २८. साप्पोरोच्या सामियात लिंग गुणसूत्राला दुसरं गुणसूत्र जोडलं गेलंय, दोघांतही २६. सगळे एकाच जातीचे नातेवाईक. वेळ मिळाला तर वाच, तुझ्या प्रस्तावनेला चांगला परिच्छेद होईल.

पतंगबाज७७

मग रंग-आकार वगैरे सोडूनच द्यायचं का? प्रोजेक्ट नुसतं बँड मोजायचं झालं की.

जीनवाला_पुणे

सोडून द्यायचं नाही, वेगळं करायचं. भंडारा आणि डाबाच्या अळ्या एकाच वेळी, एकाच पट्ट्यातल्या ऐनाच्या झाडांवर वाढवून बघितल्या आणि तरी कोष वेगळे आले तर फरक आनुवंशिक आहे एवढं तरी म्हणता येईल. ते न करता एक ऐनावरची आणि एक अर्जुनावरची, एक विदर्भाच्या उन्हातली आणि एक झारखंडातल्या सिंहभूमच्या जंगलातली, असं घेतलं तर काय कशामुळे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण हे एमएस्सीच्या वेळात बसत नाही, म्हणून तिने शीर्षकातून 'मुळे' काढावं आणि नातं मोजण्यापुरतं ठेवावं. मला तरी तेच प्रोजेक्ट जास्त आवडेल, कारण झाडीपट्टी दादा म्हणतात ती डाबाची भेसळ किती झालीय याचं उत्तर त्यातून मिळतं, आणि ते उत्तर लोकांच्या कामाचं आहे.

झाडीपट्टी

हे केलं तर बरंच होईन. आम्हाला पण कळू द्या आमच्या झाडावर नेमकं काय आहे ते.

नर पाहिजे असन तर सोपं आहे, जोडी सुटली की मादी अंड्यासाठी ठेवते आणि नर फेकूनच देते लोक. पण एका घरचे सगळे नर एकाच दोन मादीचे पोरं राहू शकते, म्हणून एका घरून दोनचारच घ्या आणि घरं जास्त फिरा.

कुवाको_त्सुकुबा

दादांचा मुद्दा फार महत्त्वाचा, सख्खे भाऊ घेतले तर प्रत्येक इकोरेस आतून एकसारखी आणि बाहेरून वेगळी दिसते आणि आकडे उगाच सुंदर येतात. नराचे पाय तोडून थेट ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये टाका, पोट नको, त्यात घाण फार असते. पंख वेगळे सुकवून ठेवा म्हणजे नंतर कोणी नमुना खरा कोणाचा असं विचारलं तर दाखवायला राहतील. आणि प्रत्येक बाटलीवर पेन्सिलने लिहा, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उडते.

रानकोष

सरांशी बोलले. शीर्षकातून 'मुळे' काढलंय, डिस्प्लेला ते तयार आहेत पण सिक्वेन्सिंगचे पैसे थोडेच मिळतील म्हणाले. रानातले आणि पाळणाऱ्यांच्या घरचे असे दोन्ही नमुने भंडाऱ्यातून घेणार, डाबा केंद्रातून आणि जमलं तर झारखंडच्या जंगलातून. @झाडीपट्टी दादा, परवानगीचा अर्ज उद्या टाकतेय, ती हातात आली की तुम्हाला व्यनि करते. @जीनवाला_पुणे डिस्प्लेसाठी साइन घेऊ की मरिनर हे अजून ठरत नाहीये, सर मरिनरवर अडून बसलेत.

जीनवाला_पुणे

दोन्ही घे, अडॅप्टर लावलेला डीएनए तोच राहतो, फक्त एक प्रायमर बदलतो. सर पण खूश.

फक्त बीएम१ चा प्रायमर डोळे झाकून मायलिटावर लावू नकोस, ते तुतीच्या किड्याचं आहे. यामामाईच्या जीनोममधून अँथेरियाचं स्वतःचं साइन शोध, ते मायलिटात लागण्याची शक्यता जास्त.